दार लावून स्वतःची गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांनो, आपण हे थांबवत का नाही?

अर्धा_अंतरा

परवा हार्डडिस्क भरली म्हणून आवराआवरीला बसलो. 'गाणी' नावाच्या फोल्डरमध्ये २१४ फाइली निघाल्या. शब्द माझे, चाली माझ्या, आवाज माझा, चुकाही माझ्याच. त्यातल्या पूर्ण म्हणाव्यात अशा ३१. बाकीच्यांत कुठे मुखडा आहे पण अंतरा नाही, कुठे अंतरा आहे पण शब्दांच्या जागी 'ना ना ना' आहे, आणि एकीत तर साडेचार मिनिटं नुसती गिटार जुळवणं चालू आहे. (ती का जपून ठेवली, देव जाणे.) तीन फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल_खरं' आणि 'फायनल_खरं_आवाज_वाढवून'. तिन्ही लागोपाठ ऐकल्या. फरक सापडला नाही.

मग मनाशी हिशेब मांडला. ही गाणी ऐकली कोणी? बायकोने काही, एका मित्राने मी पाठवली तेवढी, आणि मी. मित्राचं 'छान रे!' मी गाणं पाठवल्यावर चाळीस सेकंदांत आलं होतं. गाणं चार मिनिटांचं.

पैशाचा तर प्रश्नच नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून नियमच केला की मागच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसे नाहीत. माझं सगळ्यात गाजलेलं गाणं ६३ वेळा वाजलंय आणि त्यातला बराचसा आकडा माझ्याच फोनचा आहे. प्रसिद्धी वगैरेचं वयही उरलं नाही. तरी आठवड्यातून दोन-तीनदा रात्री साडेअकराला दार लावायचं, फटीत टॉवेल कोंबायचा, पंखा बंद करायचा आणि घाम पुसत एकच ओळ वीस वेळा गायची, हे चालूच आहे. का?

माझ्यापुरतं उत्तर सांगतो. गेल्या महिन्यातलंच एक गाणं. अंतऱ्याची दुसरी ओळ होती, 'शब्द माझे राहिले'. गुणगुणताना, गिटारवर म्हणताना झकास वाटायची. रेकॉर्ड केली आणि हेडफोन लावून ऐकली, तर शेवटचा 'ले' दर वेळी किंचित खाली. सतरा टेक केले. 'ले' काही वर येईना. दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकलं तेव्हा लक्षात आलं, सूर मला लागतो, पण त्या उंचीवर 'ए' धरला की माझा गळा आवळतो. 'आ' धरला तर मोकळा सुटतो. म्हणून ओळ केली, 'अर्थ माझा राहिला'. सूर लागला. आणि बघा, गाण्याचा अर्थही फिरला. आधीच्या ओळीत मी काहीतरी बोलायचा राहिलो होतो, आता बोलून झालंय पण समोरच्याला कळलेलं नाही. हे दुसरं गाणं पहिल्यापेक्षा खरं आहे आणि ते मला नुसतं गुणगुणून कधीच सापडलं नसतं.

गाताना मला मी ऐकूच येत नाही, खरं सांगायचं तर. गाताना मी गात असतो. ऐकायचं काम नंतर, दुसऱ्या कोणीतरी करावं लागतं, आणि तो दुसरा कोणीतरी म्हणजे हेडफोन घालून बसलेला मी. त्याच्याकडे पोचायला रेकॉर्डिंगशिवाय रस्ता नाही.

तुमचं काय? उपकरणांची चर्चा नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत. (होणारच, पण सांगून ठेवलं.)

मंद्रसप्तक

वा, जिव्हाळ्याचा विषय. शेवटच्या परिच्छेदाला जोडून थोडं.

स्वतःचा आवाज पहिल्यांदा रेकॉर्डवर ऐकल्यावर 'हा मी? शक्यच नाही' असं सगळ्यांचंच होतं. कारण साधं आहे. बोलताना किंवा गाताना आपला आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो. एक हवेतून कानात आणि दुसरी कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात. हाडांच्या वाटेने खालचे, भरदार स्वर जास्त पोचतात. माइकला ती दुसरी वाट नाही. म्हणून आपल्या कल्पनेतला आवाज नेहमी भारदस्त आणि रेकॉर्डवरचा पातळ. जग मात्र आयुष्यभर तो पातळच ऐकत आलेलं असतं.

मला त्या आवाजाशी मैत्री करायला दोन वर्षं लागली. पहिले सहा महिने मी त्यावर इतका रिव्हर्ब (यंत्राने दिलेला घुमारा) ओतायचो की आपण कोण ते आपल्यालाच कळू नये. नंतर हळूहळू त्या पातळ आवाजाला काय शोभतं ते कळायला लागलं. ओरडून गायच्या चाली सोडल्या. पट्टी दोन सुरांनी उतरवली. आज माझी गाणी जशी आहेत तशी आहेत, कारण ती त्या आवाजासाठी केलेली आहेत. मनातल्या आवाजासाठी करत होतो तोवर सगळीच फसायची.

उगाचच

स्पष्ट बोलू का? राग मानू नका.

हा सगळा प्रकार म्हणजे सेल्फीचा गाण्यातला अवतार वाटतो मला. गाणं म्हणजे समोर माणूस हवा. चार डोकी बसलीत, कोणी मान डोलावतंय, कोणी जांभई देतंय, ठेका धरणाऱ्याने मध्येच लय वाढवली म्हणून तुम्ही धावताय, त्यात गंमत. दार लावून, फटीत टॉवेल कोंबून गाणं म्हणजे आरशासमोर भाषण. एकच ओळ वीस वेळा गाऊन त्यातली बरी निवडायची, मग ती यंत्राने सुरात आणायची आणि 'माझं गाणं' म्हणायचं! गाण्याचं सोडा, त्यात तुम्ही तरी किती उरता?

आणि उपकरणांचं म्हणाल तर नाचता येईना अंगण वाकडे. दर सहा महिन्यांनी माइक बदलणारे तीन जण माझ्या माहितीत आहेत. सूर तिघांचाही तिथेच आहे.

शेजारची_खोली

मी गात नाही, वाजवत नाही. माझा नवरा करतो हे सगळं. गेली अकरा वर्षं मी त्या दाराच्या अलीकडे असते, त्यामुळे बोलायचा अधिकार थोडा माझाही.

एक गोष्ट तुम्हा मंडळींच्या लक्षातच येत नसेल. सगळी वाद्यं तुमच्या हेडफोनमध्ये असतात. बाहेर येतो तो फक्त गळा. म्हणजे मला ताल ऐकू येत नाही, गिटार नाही, काही नाही. शांत घर, आणि मध्येच भिंतीतून एक माणूस मोठ्याने 'आणि तरीही' म्हणतो. मग शांतता. मग पुन्हा 'आणि तरीही'. मग खोकतो. मग तिसऱ्यांदा, जरा चिडून, 'आणि तरीही'. एका रात्री मी एकेचाळीसपर्यंत मोजलं आणि झोपले.

त्याहून मजा म्हणजे तो वरच्या पट्टीतला साथीचा आवाज भरतो तेव्हा. मूळ चाल माझ्या कानावर नसतेच, त्यामुळे ती हार्मनीची ओळ मला एक वेगळंच, जरा विचित्र गाणं वाटतं. तेच मी नंतर काम करताना गुणगुणते. मग कधीतरी तो पूर्ण झालेलं ऐकवतो आणि त्यात माझं गाणं कुठेतरी मागे, बारीक आवाजात असतं. त्याच्या सगळ्या गाण्यांची एक दुसरी आवृत्ती माझ्याकडे आहे, ती त्याने कधी ऐकलेली नाही.

का करतो ते मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, 'नाही केलं तर चिडचिड होते.' हे मात्र शंभर टक्के खरं, त्याची साक्षीदार मी आहे.

बेसुरे_पण_बिनधास्त

@शेजारची_खोली, दंडवत घ्या! एकेचाळीसला फुटलोच.

मी नवीन आहे. चार-पाच गाणी वहीत लिहिलेली आहेत, चाली डोक्यात आहेत, रेकॉर्ड एकही केलेलं नाही. धागाकर्त्यांनी नको म्हटलंय तरी विचारतो. सुरुवातीला माइक कोणता घ्यावा?

चौथा_टेक

@बेसुरे_पण_बिनधास्त: कोणताच घेऊ नका. फोन आहे ना? कपड्यांचं कपाट उघडा, लटकलेल्या कपड्यांकडे तोंड करून उभे राहा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि समोर न धरता जरा बाजूला. समोर धरलात तर 'प', 'फ', 'ब', 'भ' आले की वाऱ्याचा धपका बसतो. आपल्या भाषेत 'फ' आणि 'भ' जागोजागी, त्यामुळे हा त्रास फार. कपड्यांमुळे खोलीचा घुमारा मरतो. स्वस्त माइक लपवता येतो, घुमणारी खोली नाही. आवाजाची पातळी मीटरवर -१२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, शून्याला टेकली की आवाज फाटला आणि फाटलेला पुन्हा शिवता येत नाही. एवढं पुरे. पाच गाणी करा, मग माइकचं बोलू.

आता मूळ विषय. मी गाणी संपावीत म्हणून रेकॉर्ड करतो. अक्षरशः संपावीत म्हणून. एखादी चाल डोक्यात आली की ती भाडेकरूसारखी राहते. रोज एखादा स्वर इकडचा तिकडे करते, आंघोळ करताना एक रूप, गाडी चालवताना दुसरं. तोवर नवीन काही सुचत नाही, कारण जागाच नाही. टेक झाला, फाइल बंद केली की ती खोली रिकामी करते. चांगलं झालं की वाईट हा प्रश्न दुय्यम.

हे मला फेब्रुवारीत कळलं. इंटरनेटवर 'फेब्रुवारी अल्बम रायटिंग मंथ' नावाचा एक उपक्रम २००४ पासून चालतो. २८ दिवसांत १४ गाणी लिहायची आणि जमेल तशी रेकॉर्ड करून टाकायची. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत. मी पहिल्या वर्षी ९ वर अडकलो, दुसऱ्या वर्षी १४ झाली. त्यातली दहा टाकाऊ होती, पण अकरावं गाणं आलं ते आधीची दहा बाहेर पडली म्हणूनच, याबद्दल मला शंका नाही. वर्षभर एकाच गाण्याला कुरवाळत बसलो असतो तर ते आलंच नसतं.

@उगाचच, वीस टेकमधून निवडण्याबद्दल: माझ्या आयडीकडे बघा. पहिला टेक घाबरलेला असतो, रेकॉर्डचं लाल बटण दिसलं की हात आखडतो. दुसऱ्यात शब्द चुकतो. तिसऱ्यात दुसऱ्याची चूक टाळायच्या नादात बाकी सगळं सपाट होतं. चौथा बरा येतो. पाचव्यापासून विसाव्यापर्यंतचे टेक चौथा बरा होता हे पटवून घेण्यासाठी असतात.

क्लिकट्रॅक

उशीर झाला यायला. @उगाचच यांना लांबलचक उत्तर देतो, चहाटळपणा वाटला तर सोडून द्या.

तुमची तक्रार जुनी आहे हो. १९०६ साली अमेरिकन बँडमास्टर जॉन फिलिप सूसा यांनी हेच लिहिलं होतं. ग्रामोफोन आणि आपोआप वाजणारे पियानो आले, आता घरोघरी वाद्यं शिकणारे हौशी लोक संपणार, देशाचा गळा कमकुवत होणार, छाती आक्रसणार! बटण दाबून गाणं मिळत असेल तर रियाज कोण करणार, हा त्यांचा सवाल. अगदीच चूक होता असं मी म्हणणार नाही, नुसतं ऐकणारे लाखोंनी वाढलेच. पण रेकॉर्ड वाजवणारं यंत्र एक दिवस रेकॉर्ड करणारं यंत्र म्हणून त्याच घरात शिरेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. (एडिसनचा १८७७ चा फोनोग्राफ मुळात दोन्ही करायचा. तबकडी आली आणि घरच्या माणसाच्या हातात फक्त वाजवणं उरलं. म्हणजे जे मूळचं होतं ते परत आलं इतकंच.)

माझं स्वतःचं कारण वेगळं आहे आणि ते सांगायला थोडा इतिहास लागेल. मला गाणं सुचतं ते चार-पाच आवाजांत. खाली बेस, मध्ये गिटार, वर दोन गळे. चार डोकी मला कधी जमवता आली नाहीत. एकाला वेळ असतो तेव्हा दुसऱ्याला नसतो, तिसऱ्याला तालमीला यायचं असतं पण तालीम करायची नसते. लेस पॉल नावाच्या गिटारवादकाने १९४०च्या दशकात यावर तोडगा काढला. एकट्यानेच एक भाग तबकडीवर कोरायचा, तो वाजवत दुसरा भाग त्याच्यावर वाजवून दुसऱ्या तबकडीवर कोरायचा, मग तिसरा. सातव्या थराला चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. हे त्याने गॅरेजमध्ये केलं.

सामान्य माणसाच्या आवाक्यात ते आलं १९७९ मध्ये, टीॲक कंपनीचं पोर्टास्टुडिओ १४४ हे यंत्र निघालं तेव्हा. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरायची सोय. टेप नेहमीच्या दुप्पट वेगाने पळायची म्हणून दर्जा बरा. तीन ट्रॅक भरायचे, ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, की पहिले तीन पुन्हा मोकळे. दर उतरवणीला मागची खरखर वाढायची आणि एकदा उतरवलं की त्या तिघांचं आपसातलं प्रमाण कायमचं ठरलं, मागे फिरणं नाही. असल्याच यंत्रावर अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२च्या जानेवारीत घरी एकट्याने काही गाणी भरली, बँडला दाखवायचा कच्चा खर्डा म्हणून. मग स्टुडिओत पूर्ण बँडबरोबर करून पाहिली, ती बात येईना. शेवटी तो खर्डाच 'नेब्रास्का' नावाचा अल्बम म्हणून त्याच वर्षी बाजारात आला. आपल्या जमातीत ही कथा पोथीसारखी वाचली जाते आणि तिचा गैरवापरही भरपूर होतो. 'बघा, घरची रेकॉर्डिंग पण चालते!' अहो, चालते, पण घरात स्प्रिंगस्टीन पाहिजे.

तर मुद्दा. मी माझाच बँड आहे. गेल्या वर्षीच्या बेसवादकावर (म्हणजे मीच) आज कुरघोडी करण्यात जी मजा आहे ती तुमच्या चार डोक्यांच्या बैठकीपेक्षा कमी आहे असं मला वाटत नाही. वेगळी आहे. जांभई देणाराही मीच असतो, काळजी नसावी.

उगाचच

@क्लिकट्रॅक, सूसा साहेब माझ्या बाजूचे निघाले याचा आनंद झाला. बाकी पटलं नाही. स्वतःवर कुरघोडी करताना समोरच्याची लय तुम्हाला आधीच माहीत असते. पत्ते दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचे आणि जिंकलो म्हणून टाळी वाजवायची.

@शेजारची_खोली, तुमचा प्रतिसाद मात्र धाग्यातला सर्वात चांगला. तुम्हीच रेकॉर्ड करा ती दुसरी आवृत्ती.

क्लिकट्रॅक

पत्त्यांचा दाखला चुकीचा आहे. माहीत असतं असं तुम्हाला वाटतं. कालचा मी जरा घाईत वाजवून गेलेला असतो आणि आज त्याच्या मागे धावताना नाकी नऊ येतात. मेट्रोनोमला (ठोके देणाऱ्या यंत्राला) धरून वाजवलंय म्हणावं तर तो कधी ठोक्याच्या किंचित आधी, कधी किंचित नंतर. त्याला आता 'सावकाश रे' म्हणता येत नाही. तुमच्या ठेकेवाल्याला निदान डोळ्यांनी दटावता येतं!

अर्धा_अंतरा

अरे वा, दोन दिवस आलो नाही तर इथे मैफल जमली आहे.

@क्लिकट्रॅक, त्या धावण्यात थोडा दोष लेटन्सीचाही (वाजवलेलं कॉम्प्युटरमधून उशिरा ऐकू येण्याचाही) असेल, तपासून बघा. मला वर्षभर वाटत होतं की माझा ताल कच्चा आहे. नंतर कळलं की बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने साठवून पुढे पाठवतो तो आकडा) १०२४ वर ठेवलेला. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ नमुने म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, आत येताना तेवढे आणि बाहेर जाताना तेवढे, म्हणजे छेडलेली तार मला ४६ मिलिसेकंदांनी हेडफोनमध्ये ऐकू येत होती. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे माझीच गिटार कोणीतरी पंधरा-सोळा मीटरवर बसून वाजवतंय आणि मी त्याच्याबरोबर जायचा प्रयत्न करतोय. बफर १२८ केला आणि माझी लय एका रात्रीत सुधारली. रियाजाने नाही, एका आकड्याने. वाईटही वाटलं थोडं.

(उपकरणांची चर्चा नको म्हणणारा मीच होतो. असो.)

@उगाचच, सुरात आणण्याबद्दल: यंत्राने सूर दुरुस्त करायची सोय १९९७ पासून आहे आणि मी ती वापरून पाहिली आहे. तो 'ले' मी सतराव्या टेकनंतर यंत्राने वर ओढला होता. सूर बरोबर आला. पण आवळलेला गळा तसाच ऐकू येत होता, फक्त आता बरोबर सुरात आवळलेला. तेव्हाच ओळ बदलायचं ठरवलं. फसवणूक जमली असती तर केलीही असती, खोटं कशाला बोलू.

मंद्रसप्तक

२१४ फाइलींवरून एक धोक्याची सूचना. मी मागच्या महिन्यात माझं बारा वर्षांपूर्वीचं एक गाणं उघडायला गेलो. प्रोजेक्ट उघडेना. ज्या प्लगइनवर (सॉफ्टवेअरला जोडायच्या वाद्यावर) सगळी पेटी वाजवली होती ते आता मिळतच नाही. हातात उरली ती फक्त शेवटची मिक्स केलेली, सगळे आवाज एकत्र झालेली फाइल. आणि त्या वर्षी, वर सांगितलं तसं, मला रिव्हर्बचं वेड होतं. गाणं चांगलं आहे हो. चाल तर आजही मला सुचणार नाही अशी आहे. पण ते कायमचं विहिरीत पडलंय. वरून वाकून बघायचं, आतून माझा तरुण आवाज येतो, काढता येत नाही.

तेव्हा ज्यांना जपायचं आहे त्यांनी प्रत्येक ट्रॅक, रिव्हर्बसारखा कोणताही परिणाम न लावता, सुरुवातीच्या शून्य सेकंदापासून वेगवेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवल्या की गाणं पुन्हा उभं राहतं. अर्धा तास जातो. मी तेव्हा तो वाचवला होता.

चौथा_टेक

विहिरीत पडलंय! हे ढापणार मी, सांगून ढापतोय. एखाद्या मुखड्यात बसेल.

शेजारची_खोली

@उगाचच, तुमच्या सांगण्यावरून काल रात्री फोन भिंतीला लावून दहा मिनिटं रेकॉर्ड केली. सकाळी नवऱ्याला ऐकवली. आधी हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, 'तिसऱ्यांदा म्हटलंय ते टेकमध्ये घ्यायला हवं होतं, मी पाचवा ठेवला.' मग परत जाऊन दार लावून बसला. झालं समाधान?

उगाचच

लोटांगण. मी माघार घेत नाही, पण आजपुरता गप्प बसतो.

आता धागाकर्त्यांनी ते 'अर्थ माझा राहिला' ऐकवावं. एवढं दळण दळलंत, पीठ तरी दिसू दे.

अर्धा_अंतरा

ऐकवीन. मिक्स थोडं राहिलंय.

चौथा_टेक

राहिलंय म्हणे. गेल्या सोमवारपासून राहिलंय. मंडळी, हे आता उन्हाळ्यापर्यंत येत नाही, लिहून घ्या.

अर्धा_अंतरा

बेस जरा पुढे येतोय रे. गाडीत ऐकलं तर जास्त, फोनवर ऐकलं तर नाहीच. दोन्हीकडे बरं वाटेल अशी जागा शोधतोय. बाकी तयार आहे. आणि @उगाचच, गाणं तुम्हाला पाठवायला मी घाबरतोय हेही खरं आहे. मित्राच्या चाळीस सेकंदांच्या 'छान रे'चा राग येतो, पण तुम्ही पूर्ण ऐकून चार ओळी लिहाल याची भीती त्याहून जास्त वाटते. वीस टेक घेतो त्यातले निम्मे तरी या भीतीपोटी असणार. दार लावण्यामागे हे एक कारण होतं, ते मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं.

उगाचच

पूर्ण ऐकीन. लिहायचं की नाही ते तुम्ही सांगा.

बेसुरे_पण_बिनधास्त

@चौथा_टेक, झालं! पहिलं रेकॉर्डिंग झालं!

कपाटात अर्धा शिरून गायलो. भयंकर उकडतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कडव्यात एक हँगर डोक्यात पडला, 'भरून' मधला 'भ' त्या धडपडीत अगदी दणदणीत आला आहे. नंतर तीन टेक नीट केले, पण सगळ्यांत बरा हँगरवालाच आहे. म्हणजे तो ठेवू ना? की पुन्हा करू? आणि हे सॉफ्टवेअरमधून बाहेर कसं काढतात? सेव्ह केलं तर फोनवर वाजतच नाही.

आवाज अर्थातच माझा वाटत नाहीये. पण काल रात्रीपासून सहा वेळा ऐकलं.

चौथा_टेक

सेव्हने प्रोजेक्ट जपला जातो, गाणं निघत नाही. फाइल मेनूत एक्स्पोर्ट शोधा, वेव्ह निवडा. हँगरवाला ठेवा.

आणि फाइलचं नाव 'फायनल' ठेवू नका.